तीन पेडांची वेणी

रंकाळ्याच्या घाटावर बस. ती खालच्या पायरीवर, तू वरच्या. तिची पाठ तुझ्या गुडघ्यांना टेकली आहे. कितीतरी दिवसांनी तिनं आपले केस तुझ्या हाती दिले आहेत. तू पंधरा वर्षांची आहेस, तीही तेवढीच. पाण्यावरून गार वारा येतोय, पलीकडं संध्यामठाचे दगडी खांब पाण्यात उभे आहेत आणि तुझ्या हातात दोन्हीकडं दात असलेली लाकडी फणी आहे.

उजव्या कानामागं फणी अडकते.

तू ओढतेस, ती कळवळते. तू बोटांनी चाचपतेस. सुपारीएवढी गाठ. नारळाच्या शेंडीसारखे केस एकमेकांत घट्ट बसलेत, कुठून सुरुवात आणि कुठं शेवट ते कळत नाही. ती मान वळवून तुझ्याकडं बघते. एवढ्या वर्षांत तिच्या डोळ्यांत तू असं भय पाहिलेलं नाहीस.

"कुणाला सांगू नको," ती म्हणते.

कोल्हापुरापासून बेळगावपलीकडच्या सौंदत्तीच्या डोंगरापर्यंत या गाठीला एकच शब्द आहे, जट. इथं तिला कुणी गुंता म्हणत नाही. हे यल्लम्मा आईचं बोलावणं. जट आली की पोरगी आईची झाली. तिच्या केसांना फणी लावायची नाही आणि कात्रीचं तर नावही काढायचं नाही. उलट हळद आणि भंडारा लावून ती जपायची. पुनवेला पोरीला डोंगरावर न्यायचं, लिंब नेसवायचा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधायचं. मग तिचं लग्न देवाशी लागलं. माणसाशी ते कधीच लागणार नाही.

रंकाळ्याच्या काठी नंदी आहे. तो रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, असं कोल्हापुरात सांगतात. या गोष्टीतला काळही तसाच मोजायचा. फणी हातातून सोडू नकोस. आपण मागं निघालोय.

पहिला पेड : १९१९

मार्गशीर्षातली पहाट. विहिरीच्या काठावर तुम्ही दोघी घागरी घेऊन उभ्या आहात. तुझं लग्न ठरलंय, पुढच्या वैशाखात सासरी जाशील. तिचं ठरत नाही, कारण गेल्या वर्षीच्या मानमोडीत तिचे वडील गेले. जगभर ज्याला इन्फ्लुएन्झा म्हणाले त्या तापाचं आपल्याकडचं नाव मानमोडी. तिच्या घरात आधी सगळे आजारी होते, मग सगळे सुतकात. ती स्वतः महिनाभर अंथरुणाला खिळली होती. त्या महिनाभरात तिच्या डोक्याला ना तेल लागलं, ना फणी. घाम, धूळ आणि उशीवर घासलेले केस. गाठ तेव्हा बसली. पण तुला हे कोण सांगणार? तिच्या चुलतीनं गाठ पाहिली आणि हात जोडले. देवीला सोडलेली जोगतीण आली, तिचं चौंडकं वाजलं आणि "उदं गं आई उदं" म्हणत साऱ्या गल्लीनं तिच्या कपाळी भंडारा लावला. काल तुझ्याबरोबर चिंचा पाडणाऱ्या पोरीच्या आज बायका पाया पडताहेत.

आणि विहिरीच्या कठड्यावर बोरं आहेत.

ती रोज असतात. मूठभर, पानावर ठेवलेली. तालमीतून परतणारा एक पोरगा ती ठेवून जातो. त्याच्या कानांच्या पाळ्यांना तांबडी माती लागलेली असते, ती तो नीट पुसत नाही. तो कधी बोलला नाही, तीही बोलली नाही. पण ती रोज त्या बोरांतली निम्मी तुला देते. प्रेम वाटून खाता येतं असं तिला वाटतं. तिची जात वेगळी आणि त्याची वेगळी. या १९१९ सालीच शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केलाय, पण तो विहिरीच्या कठड्यापर्यंत आलेला नाही.

आज ती बोरं उचलत नाही.

"मला आता चालायचं न्हाई," ती म्हणते. "आईनं बघितलं तर?"

तुला म्हणावंसं वाटतं, मी सोडवतो गं ती गाठ, रात्री ये, तेल आण. कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल येतो-जातो असंच बोलतात. पण तुझ्या आजीनं तुला बजावलंय, जटेला हात लावणाऱ्याच्या घरात माणूस टिकत नाही. आणि मागच्याच वर्षी गल्लीत एका आठवड्यात तीन तिरड्या उठलेल्या तू पाहिल्या आहेस. तुझे बाबा वाचले. त्यांची तुला आठवण होते आणि तुझा हात मागं येतो.

बैलगाड्या निघतात. जग, म्हणजे देवीची टोपली, डोक्यावर घेतलेल्या जोगतिणी पुढं, मागं गाड्यांची रांग. तू शेवटच्या गाडीमागं धावतेस. ती वळून बघते, कनवटीची फणी काढते आणि तुझ्याकडं टाकते. तिला आता ती लागणार नाही.

महिन्याभरानं, १९२० उजाडल्यावर, तुझ्या कानावर येतं की महाराजांनी पोरी देवाला सोडायची चाल कायद्यानं बंद केली. जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेवरची ही बंदी फार मोठी गोष्ट होती, तिला सलाम कर. पण कायदा महिनाभर आधी आला असता तरी? सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात, आणि बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. महाराजांचा हुकूम संस्थानाच्या हद्दीवर थांबतो, गाड्या पुढं जातात. मुंबई इलाख्यात देवदासींसाठी कायदा व्हायला १९३४ साल उजाडावं लागलं.

तू फणी पदराखाली धरून घरी येतेस. तिच्या दातांत एक लांब केस अडकलाय.

दुसरा पेड : १९७५

शाहू मिलचा भोंगा होतो. तुझ्या दोन वेण्यांना लाल रिबिनी आहेत, तिच्याही. दोघी नववीत, एका बाकावर. या वर्षी सगळ्या गावाला 'जय संतोषी माँ'नं वेड लावलंय. तुम्हीही पाहिला. थिएटरात बायका चपला काढून बसल्या होत्या, पडद्यावर देवी आली की नाणी पडत होती. तिनं तुझा हात घट्ट धरला होता. त्या वेळी तिच्या केसांत काय आहे ते तुला ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात तिला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस अंथरूण. पुन्हा तीच गोष्ट, तेल नाही, फणी नाही. उठली तेव्हा कानामागं गाठ.

आणि आहे एक सायकलवाला. तो तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तीनदा घंटी वाजवतो. तू खिडकीत येतेस. किती दिवस येतेस! ती घंटी तुझ्यासाठी नव्हती, हे कळायला तुला एक अख्खा पावसाळा लागला. तिनं स्वतःच सांगितलं, तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून, तुझ्याशिवाय कुणाला सांगणार म्हणून. तू हसलीस. तिची वेणी घालताना त्या दिवशी तू पेड जरा जास्तच आवळलेस.

आता नीट बघ, कारण या वेळी तुझ्याकडं सगळं आहे. १९३४चा कायदा आहे. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, त्यामुळं हद्दीची सबबही उरलेली नाही. तू शाळा शिकलेली आहेस. आणि याच वर्षी, याच जिल्ह्यात, गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली आहे. बाबा आढावांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठाननं ती घेतली, विठ्ठल बन्ने यांच्यासारखी तिथली माणसं त्या कामात आहेत. देवीचा कोप म्हणून जे गावोगाव निमूट चाललं होतं, ते अन्याय आहे असं तिथं भर सभेत बोललं गेलं. तुझ्या घरी त्याची चर्चा झाली. कोल्हापुरातून गडहिंग्लजला एसटी जाते. सकाळी बसलं तर दुपारी पोचता येतं.

तू एसटीत बसत नाहीस.

बोळात सायकलवाला तुला गाठतो. त्याच्या हातात चार घड्या घातलेला कागद आहे. "तिला देशील?" तो विचारतो. "चार दिवस दिसली नाही."

तू त्याच्याकडं बघतेस. आणि तीन शब्द बोलतेस.

"तिला जट आलीय."

यातला एकही शब्द खोटा नाही. पण तो एक पाऊल मागं सरकतो, तुला ते दिसतं, आणि ते दिसावं म्हणूनच तू बोलली होतीस. तो कागद खिशात घालतो. त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजत नाही. ना तिच्यासाठी, ना तुझ्यासाठी.

यात्रेच्या रात्री तिच्या घरापुढं चौंडकं घुमतं. तिची आई रडतेय आणि भंडारा उधळतेय, दोन्ही एकदमच. तू उंबऱ्यात उभी आहेस. आता बोललीस तरी उशीर झालेला नाही. पण तू स्वतःला सांगतेस, देवीच्या मनात आहे, आपण कोण मधे पडणार? देवीचा आधार घ्यायला तूही शिकलीस. तिच्या आईनं तो भीतीपोटी घेतला, तू मत्सरापोटी.

पुढचं तुला तुकड्यातुकड्यांनी कळतं. मार्गशीर्षातली ती पुनव, जिला रांडाव पुनव म्हणतात, पती जमदग्नी गेले म्हणून देवीच्या बांगड्या फुटतात. गळ्यात बांधलेलं दर्शन. परडी घेऊन मागितलेला जोगवा. मग कुणीतरी लावलेला झुलवा, म्हणजे एका पुरुषानं तिला ठेवून घेणं, ज्यात बायकोचा मान नाही, घर नाही, पोरांना बापाचं नाव नाही. देवीला सोडलेल्या पोरी बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्याच का असतात, हा प्रश्न तुला तेव्हा पडायला हवा होता. वाड्यांतल्या पोरींच्या केसांतही गुंता होतोच. पण त्यांच्या घरी फणी धरायला माणूस असतं.

फणी तुझ्या दप्तरात आहे. तिच्यावरून बोट फिरव. एक दात तुटलाय.

वाटेत

पुढं सरकताना जरा थांबू, कारण या सगळ्यावर काही माणसं लिहायला बसली. चारुता सागरांनी 'दर्शन' ही कथा लिहिली. याच जिल्ह्यातल्या राजन गवसांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या लिहिल्या. २००९ मध्ये राजीव पाटलांचा 'जोगवा' हा सिनेमा आला. जट आलेली पोरगी आणि साडी नेसवून जोगता केलेला पोरगा, दोघांचं एकमेकांवरचं प्रेम सगळ्या महाराष्ट्रानं अंधारात बसून पाहिलं. ज्या तीन शब्दांवर तू थांबलीस, त्यापुढची सगळी वाक्यं या लोकांनी लिहिली. तू ती वाचलीस तेव्हा प्रत्येक पानावर तुला तिचा चेहरा दिसला.

१९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. कार्यकर्ते शाळाशाळांत जाऊ लागले, जट सोडवू लागले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारलं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते कितीतरी वर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या मरणानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. गव्हाभर पुढं सरकायला एका माणसाचा जीव गेला.

तिसरा पेड : २०१५

याच वर्षी, १६ फेब्रुवारीच्या सकाळी, कोल्हापुरात फिरून घरी परतणाऱ्या गोविंद पानसरेंवर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींच्या पाठीशी उभं राहणारा माणूस होता तो. तुझ्या गावात आता लोक ठरवून सकाळी फिरायला निघतात. त्याला ते निर्भय मॉर्निंग वॉक म्हणतात. भीतीला उत्तर म्हणून चालायचं, एवढंच.

तू अकरावीत आहेस, तीही. तिची आई गेली त्याला पाच महिने झाले. ती कॉलेजला येईना, जेवेना, भिंतीकडं तोंड करून पडून राही. आज बऱ्याच दिवसांनी घाटावर आली आणि तुझ्यापुढं पाठ करून बसली.

फणी अडकते.

"कुणाला सांगू नको," ती म्हणते.

या वेळीही एक पोरगा आहे. तिच्या फोनवर त्याचे मेसेज येतात, ती उत्तर देत नाही. तो तुला विचारतो. तू त्याला खरं सांगतेस, पण वेगळ्या तीन शब्दांत. "ती आजारी आहे." तो मागं सरकत नाही. "मग डॉक्टरकडं जाऊया की," म्हणतो. आणि तुझ्या आत जुनं काहीतरी हलतं. ती बरी झाली की याच्याकडं जाईल. घाटावरची ही पायरी, ही संध्याकाळ, हे केस तुझे राहणार नाहीत. जट राहिली तर ती देवीची होईल, पण तुझ्या गल्लीतच राहील. हा विचार तुझ्या मनात आला, हे आधी कबूल कर. कबूल केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

तू फोन उचलतेस. तुमच्या शाळेत चमत्कारांमागचं विज्ञान दाखवायला आलेल्या समितीच्या ताईंना लावतेस.

ताई येतात. पहिल्या दिवशी कात्री काढतच नाहीत. चहा घेतात, तिच्या आत्याला बोलू देतात. दुसऱ्या खेपेला गाठ कशी बसते ते समजावतात. विंचरलं नाही, धुतलं नाही, घाम आणि धूळ बसली की केस एकमेकांना धरतात. मग देवीची म्हणून आपण धुणं सोडतो आणि ती वाढत जाते. वजनानं मान दुखते, आत उवा होतात, कातडी चिघळते. आत्याला एका दूरच्या देशाचं सांगतात. पोलंडमध्येही शेकडो वर्षं लोक अशी जट बाळगायचे, कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल म्हणून भ्यायचे. तिथं यल्लम्मा नव्हती, भंडारा नव्हता, तरी जट होती आणि भीतीही हीच होती. एकोणिसाव्या शतकात क्राकोच्या युझेफ डीटल नावाच्या डॉक्टरनं तिचा अभ्यास केला आणि लोकांना सांगितलं, कापा, काही होत नाही. पुण्याच्या नंदिनी जाधवांनी बायकांच्या जटा कापल्यात, हेही ताई सांगतात.

आत्या गप्प होते. पण मैत्रीण विचारते, "आणि आई कोपली तर?"

ती तुला विचारते, ताईंना नाही. याचं उत्तर विज्ञानाच्या तासाला मिळत नाही. तू तिला रेणुकेचीच, म्हणजे यल्लम्माचीच, गोष्ट सांगतेस, जी तुम्ही दोघींनी एकाच मांडीवर बसून ऐकली होती. रेणुका रोज वाळूची घागर करायची, सापाची चुंबळ करायची आणि नदीवरून पाणी आणायची. एके दिवशी तिनं पाण्यात क्रीडा करणारं एक जोडपं पाहिलं. नुसतं पाहिलं. क्षणभर मन हललं आणि घागर विरघळली. तेवढ्यासाठी जमदग्नीनं पोराकरवी तिचं डोकं उडवलं. पुढं त्याच पोरानं, परशुरामानं, तिचा जीव मागून घेतला, पण मान तर तुटलीच होती.

"जिला एकदा बघितलं म्हणून एवढी शिक्षा झाली," तू म्हणतेस, "ती तुला बघितलं म्हणून शिक्षा करील? ती तर तुझ्याच बाजूची की गं."

ती बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, "ताई नको. हिनं कापू दे."

कात्री तुझ्या हातात येते. ती जड आहे. आता एकोणीसशे एकोणीसची आजी तुझ्या कानात बोलते, जटेला हात लावणाऱ्याच्या घरात माणूस टिकत नाही. आता तुझे बाबा तुला आठवतात. भीती गेलेली नाही, ती जायची वाटही बघू नकोस. निर्भय म्हणवून चालणाऱ्यांनाही ती असणार. ते तरी चालतातच.

कात्री लाव.

आवाज सुक्या गवतासारखा येतो. दहा-पंधरा मिनिटं लागतात, हात थरथरतो, ताई मधे मधे टोक धरून देतात. जट वर्तमानपत्रावर पडते. तिच्यात हळद आहे, भंडारा आहे, धूळ आहे, मेलेल्या उवा आहेत. आई गेल्यावरचे पाच महिने आहेत. ती मान डावीकडं कलवते, मग उजवीकडं. पुन्हा डावीकडं. जणू मान आपलीच आहे का ते बघतेय.

त्या रात्री तू झोपत नाहीस. बाबांच्या खोलीतला पंखा ऐकत पडतेस, त्यांच्या घोरण्यात खंड पडला की उठून बसतेस. सकाळी फोन वाजतो.

"आमच्याकडं सगळी ठीक आहेत," ती म्हणते. "तुझ्याकडं?"

"ठीक."

दोघींनाही एकदमच रडू येतं.

घाट

परत रंकाळा. तिचे केस आता जेमतेम मानेपर्यंत आहेत, वेणी घालता येणार नाही. तू फणी लावतेस, टाळूपासून टोकापर्यंत. उजव्या कानामागं हात आपोआप थबकतो.

फणी सरळ खाली येते.

घाटाच्या वरच्या बाजूला तो सायकल लावून उभा आहे. त्यानं हाक मारलेली नाही. तिनं त्याला पाहिलंय, तूही पाहिलंयस. आता ती जाईल आणि तू तिला जाऊ देशील. यासाठी तुला शंभर वर्षं लागली.

ती उठते. पण पायऱ्या चढत नाही. तुझ्या हातातली फणी काढून घेते आणि तुझ्या मागच्या पायरीवर जाऊन बसते.

"थांबतोय की तो," ती म्हणते. "वळ. तुझे दे बघू."

तू वळतेस. केस सोडतेस. तिची बोटं तुझ्या मानेपासून वर सरकत जातात, सावकाश, गाठ शोधत.